थकवा किती वाजता येतो?

माझ्या काकांनी उभं आयुष्य सांगलीत मेडिकल चालवलं. आता दुकान मुलाकडे आहे, पण गल्लीतली माणसं अजूनही चिठ्ठी घेऊन आधी काकांच्या ओट्यावर थांबतात. मला मोठेपणी एडीएचडीचं निदान झालं, मिथाइलफेनिडेट सुरू झालं आणि ते कळल्यापासून आमचा वाद चालू आहे. पुढचं बोलणं एका बैठकीतलं नाही. दिवाळीतलं, फोनवरचं, दवाखान्याच्या बाकावरचं असं सगळं इथे एकत्र आलं आहे. लिहून काढावंसं वाटलं, कारण ही गोळी घेणारी कितीतरी माणसं थकव्याबद्दल डॉक्टरांसमोर चकार शब्द काढत नाहीत. तरतरी आणणारं औषध घेऊन मरगळ येते म्हटलं तर आपल्यालाच खुळ्यात काढतील, अशी धास्ती असते.

काका : आडपडदा न ठेवता विचारतो. औषध उत्तेजक वर्गातलं, आणि तू दुपारी बसल्या जागी मान टाकतेस. म्हणजे एक तर निदान चुकलंय, नाही तर औषध. तिसरं काही मला दिसत नाही.

मी : तिसरं, चौथं, पाचवंही आहे, काका. पण आधी निदानाचं बोलू. तुमच्या मनात नेमकं काय आहे?

काका : लोक म्हणतात ना, ही गोळी घेऊन जो शांत होतो त्याला एडीएचडी आहे आणि जो सैरभैर होतो त्याला नाही. तू तर शांत होण्याच्याही पुढे गेलीस. पेंगतेस!

मी : ती समजूत फार जुनी आहे आणि खोटीही ठरली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलाही त्रास नसलेल्या लहान मुलग्यांना याच उत्तेजक वर्गातल्या डेक्स्ट्रोअँफेटामिनचा एक डोस दिला. ही मुलंही कमी चुळबुळ करू लागली, त्यांचंही लक्ष अधिक टिकलं. १९७८ साली 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. म्हणजे गोळीनं शांत वाटलं यावरून निदान पक्कं होत नाही, आणि गळून गेल्यासारखं वाटलं म्हणून ते खोटंही ठरत नाही.

काका : मग तुझं निदान कशावरून झालं?

मी : लहानपणावरून. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, घर, शाळा, नोकरी अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी कामाचं किंवा नात्यांचं खरंच नुकसान व्हायला हवं. डॉक्टरांनी आईला बोलावून विचारलं. माझी प्रगतिपुस्तकं मागवली. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' हा शेरा जवळपास प्रत्येक बाईंनी लिहिला होता. गोळीची गोष्ट त्यानंतर आली.

काका निदानावर पुन्हा बोलले नाहीत. औषधावर मात्र त्यांचा हात माझ्याहून मोकळा चालतो, आणि तिथे त्यांनी मला पेचात पकडलं.

काका : या गोळीची जन्मकथा ठाऊक आहे का तुला? स्वित्झर्लंडमधलं बाझल, सिबा कंपनी, १९४४ साल. लिअँड्रो पानिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञानं हे मिथाइलफेनिडेट बनवलं. त्याची बायको मार्गरीट. तिचं बीपी कमी असायचं, म्हणून टेनिस खेळायच्या आधी ती हे घ्यायची. तिला घरात रीटा म्हणत, त्यावरून रिटालिन. पन्नासच्या दशकात ते बाजारात आलं तेव्हा लहान मुलांसाठी आलेलं नव्हतं. सततचा थकवा, उदासी आणि दिवसाउजेडी झोपेचे झटके येणारा नार्कोलेप्सी हा आजार, यांवर ते द्यायचे. थकव्यावरची गोळी आहे ही! तीच तुला थकवते, हे मी कसं मान्य करू?

मी : नार्कोलेप्सीत ती आजही देतात. माणसाला जागं ठेवते, यात वाद नाहीच. पण जागं ठेवणं आणि शीण घालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अडिनोसिन साठत जातं, त्यातून झोपेची ओढ वाढते आणि ती फक्त झोपेनंच उतरते. मिथाइलफेनिडेट त्या अडिनोसिनला हातही लावत नाही. पेशींनी सोडलेलं डोपामिन आणि नॉरअड्रेनालिन परत आत ओढलं जातं, ते ती अडवते. त्यामुळे समोरच्या कामात मन राहतं. झोपेची बाकी मात्र होती तेवढीच राहते.

काका : म्हणजे उधारी. गिऱ्हाईक आज हसतमुखानं माल नेतं आणि वहीत आकडा वाढत राहतो.

मी : झोपेच्या बाबतीत अगदी तसंच. शिवाय एडीएचडी असलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांचं झोपेचं घड्याळ मुळातच मागे असतं. बारा-एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी सातला कामासाठी उठावंच लागतं. गोळी नव्हती तेव्हा मी येरझाऱ्या घालून, बोलून, एक काम टाकून दुसरं उचलून स्वतःला जागं ठेवायचे. ती धावपळ थांबल्यावर खाली साठलेली झोप वर आली, असं माझे डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं, कारण गोळी घेतल्यावर तासाभरातच पेंग यायची ती नेमकी अपुऱ्या झोपेच्या दिवशी.

काका : आणि पुरेशी झोप झाली त्या दिवशी?

मी : त्या दिवशी तीन-साडेतीनला. सकाळी नाही.

या उत्तरावर काका सरसावून बसले. एखादी गोष्ट ठरावीक वेळेला होते म्हटलं की औषधाच्या दुकानात मुरलेल्या माणसाला ती दुर्लक्षून चालत नाही. मला तरी या सगळ्या वादातली सर्वांत कामाची गोष्ट हीच वाटते. थकवा येतो का, एवढंच विचारून भागत नाही. तो किती वाजता येतो, गोळीनंतर किती तासांनी, काय खाल्ल्यावर किंवा काय न खाल्ल्यावर, हे कळलं तरच डॉक्टरांना काही करता येतं.

काका : गोळी कितीला घेतेस?

मी : साडेआठला.

काका : साधी की लांब चालणारी?

मी : लांब चालणारी. पण ती बाराएक तासांची नाही, आठच्या आसपासची आहे.

काका : साधी गोळी तीन-चार तासांत संपते. तुझी साडेचारच्या सुमारास उतरायला हवी. तुला तीनपासूनच जाणवतं म्हणजे तुझ्या अंगात ती थोडी लवकर उतरत असेल, किंवा कारण वेगळंच असेल. उतरताना काय होतं?

मी : अंगातलं त्राण जातं. डोळ्यांमागे जडपणा येतो. कुणी साधं 'चहा घेणार का' विचारलं तरी चिडायला होतं. तास-सव्वा तासानं आपोआप निवळतं.

काका : याला डॉक्टर रिबाउंड म्हणतात. औषध झपकन उतरतं आणि दबलेलं सगळं उसळून वर येतं. मुलांच्या आया सांगायच्या मला, शाळेतून आल्यावर पोरगं एक तर रडतं, नाही तर दप्तर टाकून तसंच पालथं पडतं. त्यावर उपाय असतात. सावकाश उतरणारी गोळी बदलून देतात, कधी दुपारी छोटा डोस जोडतात. पण ते डॉक्टरांनी करायचं. तू काय केलंस?

मी : कडक कॉफी.

काका : बघ! चारला कॉफी प्यायलीस तर तिच्यातलं निम्मं कॅफिन रात्री नऊला तुझ्या अंगात असतं. मग झोप लांबते, सकाळी पेंग येते, आणि तू डॉक्टरांना सांगणार की गोळी पुरत नाही, डोस वाढवा. वाढलेल्या डोसानं झोप आणखी उडणार. या वर्गातल्या औषधांनी झोप उडते, भूक मरते, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

यात काकांची बाजू वरचढ आहे, हे मोकळेपणानं सांगते. थकव्यावर माणसं चहा-कॉफीचा उतारा घेतात, कारण चहाला चिठ्ठी लागत नाही. पण त्यानं डॉक्टरांसमोर जाणारं चित्रच बदलतं.

भुकेचंही तसंच. माझा डबा घरी परत यायचा तेव्हा पोळीच्या कडा वाळून वर वळलेल्या असायच्या, भाजीवर तेलाचा तवंग गोठलेला असायचा, आणि जेवायचं राहिलं हे मला झाकण उघडल्यावर आठवायचं. भूक लागलीच नव्हती. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी काही नाही, पाणीही जेमतेम, आणि वर सहा तास एकचित्त काम. एवढ्यावर कुणाचंही अंग गळून जाईल, औषध असो वा नसो. आता गोळीच्या आधी पोटभर नाश्ता करते आणि दीड वाजता भूक नसली तरी जेवते. तीनची मरगळ त्यानं पुरती गेली नाही, पण पुष्कळ हलकी झाली.

काकांचा विरोध या हिशेबानं मिटत नाही. त्याचं मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ते त्यांनी एकदाच सांगितलं.

काका : एक बाप यायचा दुकानात. पोरगा चौथीतला. ही गोळी शेड्युल एक्समध्ये येते. वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत आम्ही दोन वर्षं जपायची. म्हणून असली गिऱ्हाइकं लक्षात राहतात. तर तो चिठ्ठी पुढे करायचा आणि पैसे देताना थांबायचा. एक दिवस म्हणाला, शाळा एकदम खूश आहे, तक्रारच येत नाही. पण घरी हा हसत नाही हो. पानावर बसतो आणि भिंतीकडे बघत राहतो. भावाशी भांडतसुद्धा नाही. मी काय सांगणार? डॉक्टरांना भेटा म्हटलं. तेव्हापासून ही गोळी दिली की मला तो पोरगा दिसतो. तू तीन वाजता मान टाकतेस तेव्हाही तोच दिसतो.

मी : त्या मुलाचं चुकीचंच चाललं होतं, काका. तो परिणाम डॉक्टरांना माहीत असतो. डोस जास्त झाला की मूल मंद, विझल्यासारखं दिसतं. काही मुलांना ते औषधच मानवत नाही. डोस कमी केला किंवा औषध बदललं तर बहुतेकदा हा परिणाम जातो. पण त्यासाठी कुणीतरी डॉक्टरांना सांगायला हवं की मूल हसत नाही.

काका : शाळा ते सांगणार नाही. शाळेला शांत वर्ग हवा असतो.

मी : म्हणून ते घरच्यांनी सांगायचं. मूल गप्प बसलं म्हणजे औषध लागू पडलं, असं धरणाऱ्या माणसाशी माझं तुमच्याइतकंच भांडण आहे. औषध लागू पडलं म्हणजे मुलाला हवं ते करता यायला लागलं. गोष्ट शेवटपर्यंत ऐकता आली, खेळात आपल्या पाळीची वाट बघता आली. खेळायचंच बंद झालं तर ते औषध लागू पडलेलं नाही.

काका : अमेरिकेत मुलांना असली उत्तेजकं द्यायला सुरुवात झाली तेव्हाही मुलं गप्पच झाली होती म्हणे.

मी : ऱ्होड आयलंडमध्ये, १९३७ साली. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या एका निवासी रुग्णालयाचे डॉक्टर होते. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर मुलांचं डोकं फार दुखायचं, त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी गेली नाही, पण शिक्षक सांगत आले की मुलं अभ्यासाला लागली. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायची. तीस मुलांच्या नोंदी आहेत, त्यांतली निम्मी वागण्यात शांत झालेली दिसली. शांत होणं आणि विझणं यांत फरक आहे, आणि तो ओळखायला मुलाकडे बघावं लागतं. त्याचा शेरा पाहून ते कळत नाही.

काका : मोठ्या माणसाकडे कोण बघणार? तुला नोकरीत शिरा ताणून बसवायला ही गोळी आहे. आठ तास एका जागी बसण्यासाठी माणसाचा जन्म नाही. थकवा म्हणजे शरीराचा नकार, आणि तू नकारावर गोळी घेतेस.

मी : आठ तास बसणं अमानुष आहे, कबूल. पण गोळीआधी मी ताजीतवानी होते असं समजू नका. तेव्हाचा थकवा तुम्ही पाहिला नाही, कारण तो मी खोलीचं दार लावून घेत असे. बैठकीत लक्ष आहे असं दाखवण्यासाठी चेहरा सांभाळायचा, विसरलेलं बिल रात्री अकराला भरायचं, एक मेल चार वेळा वाचायचा, आणि या सगळ्यावर स्वतःला कामचुकार म्हणायचं. संध्याकाळी मी चप्पल न काढता पलंगावर पडायचे. तो शीण दिवसभराचा असायचा आणि कुठल्याही वेळेत बसायचा नाही. आताच्या थकव्याला निदान सुरुवात आणि शेवट आहे.

इथे काका गप्प राहिले. पटलं म्हणून नव्हे. मुद्दा आठवला की ते असेच थांबतात.

काका : रक्त तपासलंस?

मी : कशासाठी?

काका : हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा आहे, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या. निम्म्याहून जास्त! दुकानात बाई यायची आणि म्हणायची, काहीतरी टॉनिक द्या, अंगात बळ नाही. दहा वर्षं तेच टॉनिक प्यायची, पण रक्त कुणी तपासायचं नाही. तुझ्या डोक्यातल्या गोळीवर एवढं बोलतेस, आणि अंगात लोह किती आहे ते ठाऊक नाही.

मी तपासून घेतलं. फेरिटिन कमी निघालं. त्यानं गोळीचा प्रश्न संपला असं कुणी समजू नये, रिबाउंड आपल्या जागी आहेच. पण लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सकाळचं ते दगडासारखं अंग हळूहळू हलकं झालं. एडीएचडीचं निदान एकदा चिकटलं की पुढचा प्रत्येक त्रास त्याच्या नाही तर त्याच्या औषधाच्या नावावर टाकायची घाई होते. बायकांच्या बाबतीत तर थकवा हा त्रास म्हणूनच मोजला जात नाही. तो धरूनच चालतात. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यांचंही तसंच. स्थूल माणसानं ते तपासायलाच हवं, पण बारीक माणसालाही ते होतं.

काका : मग ते दुसरं औषध का नाही घेत? अटोमॉक्सेटिन. उत्तेजक नाही, कुलपात ठेवायचं नाही, कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतं. तुझी गोळी संपली की तुला चार दुकानं फिरावी लागतात.

मी : ते चांगलं औषध आहे, काहींना हेच जास्त मानवतं. पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि झोपाळूपणा त्याचाही नेहमीचा परिणाम आहे. क्लोनिडिन, ग्वानफॅसिन या दुसऱ्या बिनउत्तेजक औषधांचा तर त्याहून जास्त. थकव्यापासून पळून तिकडे गेले तर थकवाच दारात उभा असेल. चार दुकानं फिरण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. गोळी मिळाली नाही त्या दिवशी मी दिवसभर झोपेत असल्यासारखी असते, आणि घरचे म्हणतात, बघा, हिला सवय लागली.

काका : लागली नाही?

मी : चष्मा सापडला नाही त्या दिवशी तुम्हाला वाचता येत नाही, त्याला कुणी सवय म्हणत नाही. पण तुमचा प्रश्न मी झटकत नाही. या औषधांचा गैरवापरही होतो, कुलूप उगाच नाही. नियमित डोस एकदम बंद केल्यावर गळून जायला होतं, उदासही वाटतं. म्हणून सुरू करणं, थांबवणं, कमी-जास्त करणं हे डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं.

काका : आणि छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर येऊन पडलीस, तर वही काढून वेळ लिहीत बसू नकोस.

मी : तेव्हा थेट दवाखाना.

मध्यंतरी माझ्या एका नातेवाइकानं ब्रिटनमधून या औषधाचं माहितीपत्रक पाठवलं. काकांनी भिंग लावून ते वाचलं. झोप न लागणं त्यात आहेच. थोडं खाली गुंगी आणि थकवाही आहे, आणि दोन्ही वारंवार दिसणाऱ्या परिणामांत. काकांनी तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाले, छापलेलं आहे, मग लोक सांगायला लाजतात कशाला? मला वाटतं, लाज औषधाची नसतेच. लहानपणापासून ज्यांना आळशी म्हटलं गेलं, त्यांना 'मला थकवा येतो' हे वाक्य म्हणजे त्याच आरोपाची कबुली वाटते. औषध सुरू झाल्यावर आता तरी आपण सुधारलेले दिसलो पाहिजे, हा धाक असतो. म्हणून ते डॉक्टरांना म्हणतात, बरं आहे. आणि तीन वाजता बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारतात.

आमचं आता एकाच गोष्टीवर अडलं आहे.

काका : रविवारी गोळी घेऊ नकोस. शरीराला एक दिवस मोकळा दे.

मी : मुलांची भूक आणि वाढ सांभाळायला काही डॉक्टर सुट्टीत गोळी थांबवतात, हे मला माहीत आहे. पण मी रविवारी स्वयंपाक करते, गाडी चालवते, आईच्या औषधांचे डबे भरते. त्या दिवशी माझं लक्ष नसलं तर कुणाला तरी ते भोवतं. आणि गोळी नसलेला रविवार मी झोपून काढते, तो मोकळा कुठे राहतो?

काका : झोपून काढतेस म्हणजे झोप हवी होती. तीच तर घे म्हणतोय.

मी : ती रोज रात्री घ्यायला हवी. आठवड्याची एका दिवशी नाही.

काका : रोज रात्री घेतेस?

मी : अकराला दिवा बंद होतो. झोप लागते साडेबाराला.

काका : मग डॉक्टरांना दोन प्रश्न विचार. रविवारचा, आणि गोळी साडेआठऐवजी सातला घेतली तर रात्रीची झोप अलीकडे येईल का, हा. त्यांनी नाही म्हटलं तर मी रविवारचं पुन्हा काढणार नाही. पण त्यांना सांगताना कॉफीचंही सांग, आणि परत आलेल्या डब्याचंही.